गेटिसबर्गचं भाषण: एकाही मृताचं नाव न घेतलेली श्रद्धांजली

पानगळ (मूळ लेख)

'लोकांचे, लोकांनी, लोकांसाठी चालवलेले राज्य.' नागरिकशास्त्राच्या पेपरात दोन मार्कांसाठी आपण सगळ्यांनी ही व्याख्या लिहिली आहे. पण मुळात ती व्याख्या नव्हतीच. पुरण्याचं काम अजून निम्मंही झालेलं नव्हतं अशा एका दफनभूमीत केलेल्या भाषणाचा तो शेवट आहे.

गेटिसबर्ग हे अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातलं छोटं गाव. उत्तर आणि दक्षिण राज्यांमधल्या यादवी युद्धात १ ते ३ जुलै १८६३ या तीन दिवसांत तिथे दोन्ही बाजूंचे मिळून सुमारे ५१ हजार सैनिक ठार, जखमी किंवा बेपत्ता झाले. १९ नोव्हेंबरला सैनिकांच्या दफनभूमीचा अर्पण-सोहळा होता. मुख्य वक्ते एडवर्ड एव्हरेट दोन तास बोलले. अमेरिकेचा तेव्हाचा राष्ट्राध्यक्ष अब्राहम लिंकन, त्याला आयोजकांनी 'प्रसंगाला साजेसे चार शब्द' बोलायला बोलावलं होतं. तो दोन-तीन मिनिटं बोलला, शब्द साधारण २७०. दुसऱ्या दिवशी एव्हरेटने त्याला लिहिलं की तुम्ही दोन मिनिटांत गाभ्याच्या जितके जवळ गेलात, तितका मी दोन तासांत गेलो असेन तरी समाधान मानीन.

माझं मत असं की हे भाषण मोठं झालं ते त्यात जे नाही त्यामुळे. गेटिसबर्ग हे नाव नाही. सेनापती नाही, शत्रू नाही, उत्तर-दक्षिण नाही. 'मी' एकदाही नाही. आहे तो 'इथे' हा शब्द, आठ वेळा. आणि 'अर्पण' सहा वेळा, पण दर वेळी अर्थ थोडा सरकतो. आधी राष्ट्र एका विचाराला अर्पण झालेलं असतं, मग आपण जमीन अर्पण करायला आलेले असतो, मग तो म्हणतो की ही जमीन आपण अर्पण करूच शकत नाही, इथे लढलेल्यांनी ते आधीच केलं आहे. अर्पण व्हायचं आहे ते आपण, जिवंत माणसांनी. ज्या कार्यक्रमाला बोलावलं, तो कार्यक्रम करायची आपली योग्यताच नाही असं यजमानांसमोर सांगायला धाडस लागतं.

आणखी एक शब्द. अमेरिकेच्या १७७६ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात 'सर्व माणसं समान' हे स्वयंसिद्ध सत्य म्हटलं होतं. लिंकन त्याला प्रमेय म्हणतो. हा माणूस वकिली करता करता युक्लिडची भूमिती शिकलेला. स्वयंसिद्धाला सिद्धता लागत नाही, प्रमेयाला लागते. आणि ती सिद्धता अजून व्हायची आहे, हे तो ताज्या मातीवर उभा राहून सांगतो.

जुनी_पाटी

पानगळ, मन लावून लिहिलंय, पण मूळ मुद्द्यालाच माझा विरोध आहे. नाव न घेणं हा गुण कसा?

माझे धाकटे काका १९७१ च्या लढाईत गेले. गावच्या स्मारकाच्या कार्यक्रमाला काकूला दर वर्षी पहिल्या रांगेत बसवतात. एका वर्षी पाहुण्यांनी फार सुंदर भाषण केलं. त्याग, मातृभूमी, रक्ताचा थेंब न् थेंब, सगळं होतं. काकांचं नाव तेवढं नव्हतं. काकू घरी आली आणि पायरीवर बसून चपला काढता काढता एवढंच म्हणाली, "ह्यांचं नाव नाही घेतलं गं." तेव्हापासून मोघम श्रद्धांजली ऐकली की माझ्या पोटात कालवतं. तुम्ही ज्याला उंची म्हणता, ती पहिल्या रांगेतून अंतर वाटते.

उत्तररात्र

जुनी_पाटी यांच्याशी सहमत, माझं कारण वेगळं. हे भाषण राजकीय आहे आणि ते तसंच वाचलं पाहिजे. त्याच जुलैत सक्तीच्या सैन्यभरतीविरुद्ध न्यूयॉर्कमध्ये दंगल उसळली होती. ३०० डॉलर भरणाऱ्याची सुटका होत होती, गरिबाची नाही. संतापलेल्या जमावाने कृष्णवर्णीयांना ठार मारलं. अशा वेळी 'यांचं अपुरं काम आपण पुरं करू' याचा सरळ अर्थ आहे, आणखी माणसं द्या. मेलेल्या माणसाला 'तू कशासाठी लढलास' असं विचारता येत नाही, आणि वक्ता नेमका त्याचाच फायदा घेतो.

शिकागो टाइम्सने तेव्हाच विचारलं होतं की हे सैनिक राज्यघटनेसाठी मेले, त्यांच्या कबरींवर उभं राहून तुम्ही वेगळंच कारण कसं सांगता? वृत्तपत्र लिंकनच्या विरोधकांचं होतं, हेतू चांगला नव्हता, तरी प्रश्न खोटा ठरत नाही. आणि ज्या गुलामगिरीपायी हे सगळं घडलं तो शब्द भाषणात कुठे आहे? गुलामांच्या मुक्तीचा लिंकनचा जाहीरनामा त्याच वर्षी १ जानेवारीलाच निघाला होता. मार्च १८६५ च्या शपथविधीच्या भाषणात त्याने गुलामगिरीचं नाव घेतलंच. मग इथे का नाही?

पानगळ

उत्तररात्र, तुमच्या पुराव्यातूनच उत्तर निघतं. शिकागो टाइम्स चिडला तो का? 'सर्व माणसं समान' म्हणजे काय, हे त्यांना अचूक कळलं म्हणून. तिथे बसलेल्या प्रत्येकाला कळलं. भाषणाची सुरुवात 'सत्त्याऐंशी वर्षांपूर्वी' अशी साधी नाही, 'चार विसा सात वर्षांपूर्वी' अशी आहे. माझी आजी अंडी अशीच विसांत मोजायची. ऐकणाऱ्यांच्या कानाला ती त्यांच्या बायबलची मोजणी होती. आता १८६३ मधून ८७ वजा करा, १७७६ येतं. १७८७ ची घटना त्याने मुद्दाम ओलांडली, कारण त्या घटनेने पाच गुलामांची मोजणी तीन माणसं अशी केली होती. शब्द टाळला असेल, विषय टाळलेला नाही.

भरतीचं म्हणाल तर हो, ते आवाहन होतंच. मला त्यात पाप दिसत नाही. अर्ध्यावर सोडलं असतं तर ती माणसं कशासाठी गेली म्हणायचं?

जुनी_पाटी, काकूंचं वाचून थांबले. पण एक सांगते. त्या दफनभूमीत ३,५१२ सैनिक पुरले, त्यांतल्या ९७९ जणांचं नाव शेवटपर्यंत कळलंच नाही. चार नावं घेतली असती तर ते ९७९ कुठे गेले असते? आखणीसुद्धा अशी की अर्धवर्तुळात रांगा आणि हुद्द्याप्रमाणे मानाची जागा कुणालाच नाही. भाषण त्या रांगांसारखंच आहे.

नदीकाठ

छोटी भर. आगगाडीत पाकिटावर खरडलेलं भाषण ही दंतकथा आहे. ७ जुलैला व्हाइट हाउसपुढे जमलेल्या लोकांशी बोलताना लिंकनने हाच विचार 'किती वर्षं झाली, ऐंशी आणि वर काही' असा चाचपडत मांडला होता. चार महिने तो विचार घोळवला तेव्हा ती ओळ घडली.

गुलामगिरीबद्दल म्हणाल तर लांबवर पुण्यातही ते पोचलं होतं. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अर्पण केली ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना. तिथेही अर्पणच, आणि तिथेही कुणा एकाला नाही.

जुनी_पाटी

९७९ चं उत्तर पटलं. काकूला सांगेन.

पण एक नाव मी इथे लिहिणारच. पुरलेली प्रेतं उकरून पेटीत घालून दफनभूमीत नेऊन पुरण्याचा ठेका दर प्रेतामागे १ डॉलर ५९ सेंटने गेला होता. प्रत्यक्ष उकरायचं काम बेसिल बिग्ज आणि त्याच्या माणसांनी केलं. बिग्ज गावातला कृष्णवर्णीय शेतकरी. जूनमध्ये दक्षिणेची फौज येतेय म्हटल्यावर तो जीव घेऊन पळाला होता, कारण ती फौज वाटेत सापडेल त्या कृष्णवर्णीयाला धरून गुलामीत नेत होती. परत येऊन त्याने हे काम हाती घेतलं. उत्तरेचेच सैनिक उचलायचे होते. दक्षिणेचे तसेच उथळ मातीत राहिले, त्यांना १८७० नंतर नेलं.

'सर्व माणसं समान' हे वाक्य उच्चारलं गेलं तेव्हा त्या रांगा भरणारे हात बिग्जच्या माणसांचे होते. बिग्ज १९०६ मध्ये वारला आणि त्याला गावातल्या कृष्णवर्णीयांच्या वेगळ्या दफनभूमीत पुरलं. याच युद्धात लढलेले कृष्णवर्णीय सैनिकही तिथे आहेत. त्या जागेला आज लिंकन सिमेटरी म्हणतात.