ऊन लागलं की लकवा, कसं ओळखायचं?

मानेवाडा: नागपूरच्या मे महिन्यात म्हातारं माणूस गळून पडलं की 'ऊन लागलं' म्हणून कांदा, पन्हं सुरू होतं. लकव्याचा झटका असेल तर घरच्यांनी नेमकं काय बघावं?

धरमपेठकर: एक बाजू बघा. उन्हाने अंग तापतं, सगळंच गळतं. लकव्यात बहुतेक वेळा एकच बाजू जाते, तीही अचानक. हसायला सांगा, ओठाचा एक कोपरा खाली राहतो. डोळे मिटून, तळवे वर करून दोन्ही हात १० सेकंद समोर धरायला लावा. एक हात हळूहळू खाली येतो, तळवा आत वळतो. साधं वाक्य म्हणवून घ्या. जीभ अडखळली किंवा भलतेच शब्द आले तर थांबू नका. यातलं एक चिन्हही पुरे, १०८ लावा. उष्माघातात भान हरपलं तरी १०८च.

वॉर्डातली सिस्टर: पन्हं काय, पाण्याचा घोटही नको! गिळणं बिघडलं असेल तर तो श्वासनलिकेत जातो. अ‍ॅस्पिरिनही देऊ नका. मेंदूत गुठळी आहे की रक्तस्राव, हे सीटी स्कॅनशिवाय कळत नाही. माणूस शेवटचा ठीक कधी दिसला, ती वेळ लिहून घ्या. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण ४.५ तासांच्या आत लागतं. झोपेतून उठल्यावर लक्षण दिसलं तर घड्याळ रात्रीपासून धरतात.

सक्करदरा: अचानक तोल जाणं, एका डोळ्याने दिसेनासं होणं हेही त्यातच. आणि १० मिनिटांत हात सुधारला म्हणून घरी बसू नका, पुढचे दोन दिवस मोठ्या झटक्याचा धोका जास्त असतो.