फास्टिंग, पीपी, एचबीएवनसी : रुग्णालय आणि लॅबच्या दरांत इतका फरक का?

पेठेतला_वाचक
आईची फास्टिंग (उपाशीपोटीची शुगर), पीपी (खाल्ल्यानंतर दोन तासांची) आणि एचबीएवनसी (मागच्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी शुगरचा अंदाज देणारी तपासणी) दर तीन महिन्यांनी करायची असते. मोठ्या रुग्णालयात तिन्हींचे मिळून ११५० रुपये सांगितले, घराजवळच्या लॅबमध्ये ५५०, आणि एका ठिकाणी ‘डायबेटिक प्रोफाइल’ ९९९ ला. स्वस्तातलं घेतलं तर चालेल का? पुणे.

टेस्टट्यूब
आधी तिघांनी एकाच गोष्टीचा दर सांगितलाय का ते बघा. काउंटरवर नुसतं ‘शुगर’ म्हटलं तर एकाच नमुन्याचा दर सांगतात, पीपीचे पैसे वेगळे लागतात. घरी येऊन रक्त नेणार असतील तर फास्टिंग आणि पीपीसाठी दोन फेऱ्या होतात. घरी येण्याचे पैसे एकदाच लावणार की दोनदा, हे फोनवरच विचारून घ्या. प्रोफाइलमध्ये बहुतेक ठिकाणी लिपिड (कोलेस्टेरॉल वगैरे), क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी) वगैरे घातलेलं असतं. ते वर्षातून एकदा करायला ठीक, दर तिमाहीला नको.

खरा फरक एचबीएवनसीत आहे. ‘कुठल्या पद्धतीने करता?’ एवढं विचाराच. एचपीएलसी (रक्तातले घटक यंत्रात वेगळे करून मोजायची पद्धत) असेल तर उत्तम. रिपोर्टसोबत त्या यंत्राचा आलेखही मागा. एनएबीएल (लॅबचा दर्जा तपासून मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यता चाचणीनिहाय देते, त्यामुळे प्रमाणपत्राच्या यादीत एचबीएवनसी आहे का ते पाहा. आणि एकदा लॅब ठरवली की बदलू नका. दोन पद्धतींमुळे ७.१ आणि ७.४ असा फरक सहज पडतो आणि शुगर वाढली की काय, अशी उगाच धास्ती बसते.

राखाडी_टोपी
वरच्यात भर. शुगरचं रक्त राखाडी टोपीच्या, फ्लोराइड (रक्तातली साखर टिकवणारं रसायन) असलेल्या नळीत घेतात, एचबीएवनसीचं जांभळ्या टोपीच्या. साध्या नळीत रक्त तसंच राहिलं तर पेशी साखर खात राहतात आणि आकडा तासाला ५ ते ७ टक्क्यांनी उतरतो. खरी १४० असलेली शुगर तीन तासांनी १२० च्या आसपास दिसते! फ्लोराइडचा परिणामही पुरता व्हायला एक-दोन तास लागतात. म्हणून नमुना तपासायला कुठे आणि किती वेळात जातो, हे दराइतकंच महत्त्वाचं. रक्त भरल्यावर नळी सात-आठ वेळा हळुवार उलटीसुलटी करायला हवी. ती न करताच खिशात टाकणाऱ्या माणसाला तिथेच सांगा.

पीपीचे दोन तास पहिल्या घासापासून मोजायचे. गोळी किंवा इन्सुलिन डॉक्टरांनी दिलंय तसंच घ्यायचं, ‘टेस्ट आहे म्हणून’ चुकवायचं नाही.

औंधकर
फुकटचा पर्याय कोणी लिहिलाच नाही. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासण्या मोफत आहेत. प्राथमिक आरोग्य केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत, म्हणजे आपल्याकडे औंधचं जिल्हा रुग्णालय. ससून वैद्यकीय शिक्षण विभागाकडे येतं, तो निर्णय तिथे लागू नाही. फास्टिंगसाठी सकाळी लवकर जा, आणि पीपी तिथेच करायची असेल तर डबा बरोबर न्या.

टेस्टट्यूब
एक राहिलं. आईंचं हिमोग्लोबिन कमी आहे का? ते लोहाच्या कमतरतेमुळे असेल तर एचबीएवनसी खऱ्यापेक्षा जास्त येऊ शकतं. रोजची शुगर आणि हा आकडा जुळत नसेल तर दुसऱ्या लॅबला पुन्हा पैसे भरण्याआधी सीबीसी (हिमोग्लोबिन आणि रक्तपेशींची तपासणी) करून डॉक्टरांना दाखवा.