ॲमस्टरडॅम दोन दिवसांत ‘उरकणाऱ्यांना’ उत्तर

मुक्कामपोस्ट

‘आठ दिवसांत पाच देश’ या धाग्यावर घाईगडबडे यांनी परवा लिहिलंय: ‘ॲमस्टरडॅमला दोन दिवस पुष्कळ. एक बोट, एक म्युझियम, पवनचक्क्या, झालं. तिथे आठवडा काढणं म्हणजे पैसे उतू जात असल्याचं लक्षण.’ तिथेच प्रतिसाद देणार होतो, पण तो इतका लांबला की नवा धागा काढतोय. संपादकांनी माफ करावं. घाईगडबडेंनी नाही केलं तरी चालेल.

दोन दिवसवाल्याचं काय होतं ते बघा. ॲन फ्रँकच्या घराची तिकिटं फक्त ऑनलाइन. दर मंगळवारी सहा आठवड्यांनंतरच्या तारखांची खुली होतात आणि भराभर संपतात. व्हॅन गॉग म्युझियमलाही वेळ ठरवून ऑनलाइनच. मग बसमधून उतरलेला माणूस प्रिन्सेनग्राख्तवरच्या २६३ नंबरच्या घराचा बाहेरून फोटो काढतो आणि ‘ॲन फ्रँक झालं’ म्हणतो. रायक्सम्युझियममध्ये शिरला तर थेट ‘नाइट वॉच’. रेम्ब्राँचं १६४२ सालचं चित्र. २०१९पासून त्याचा अभ्यास आणि दुरुस्ती लोकांच्या डोळ्यांदेखत, काचेच्या खोलीत चाललीय. रेम्ब्राँच्या रंगावर कुणीतरी भिंग रोखून बसलंय आणि तुम्हाला ते समोर दिसतंय, पण गाईड झेंडा हलवतोय म्हणून निघायचं!

माझा हिशेब साधा आहे. सकाळी एकच मोठी गोष्ट, दुपारी पाय नेतील तिकडे. कॅथलिकांना उघडपणे प्रार्थना करायला मनाई होती, त्या काळात एका व्यापाऱ्याने घराच्या वरच्या मजल्यांवर अख्खं चर्च बांधून घेतलं, १६६३ साली. रस्त्यावरून बघणाऱ्याला चारचौघांसारखं घर दिसतं. हे कुठल्या पाच-देशी टूरमध्ये आहे? स्टेशनच्या मागून पलीकडे जाणाऱ्या फेरी बोटी फुकट आहेत. रेल्वेने हार्लेम पंधरा मिनिटं, उट्रेख्त अर्धा तास, लायडन पस्तीसेक मिनिटं. सकाळी जा, संध्याकाळी आपल्याच खोलीत परत या. बॅग एकदाच उघडायची, एकदाच भरायची. ट्युलिपसाठी जाणार असाल तर लिसेची क्युकेनहॉफ बाग साधारण मार्चअखेर ते मेच्या मध्यापर्यंतच उघडी असते. जूनमध्ये जाऊन ‘ट्युलिप कुठायत?’ विचारू नका.

घाईगडबडे

माझ्यासाठी अख्खा धागा? धन्य झालो.

मुक्कामपोस्ट, तुमचं वय, नोकरी, बँकेतली शिल्लक मला ठाऊक नाही. माझं सांगतो. आई बहात्तरची. तिला युरोप एकदाच बघायचाय, परत जमेल न जमेल. शेंगेन व्हिसाची फी मोठ्या माणसामागे ९० युरो, वर विमान, वर माझी रजा, जी मागताना बॉसचा चेहरा कसा होतो ते तुम्हाला माहीत नाही. ॲमस्टरडॅममध्ये हॉटेलवर साडेबारा टक्के पर्यटक कर, आणि २०२६पासून मुक्कामावरचा व्हॅट ९ वरून थेट २१. एवढं ओतून तिला मी व्यापाऱ्याच्या माळ्यावरचं चर्च दाखवू, की आयफेल टॉवर? शेजारच्या काकूंनी तिला विचारलं, ‘आयफेल बघितलात का हो?’ तर तिने काय सांगायचं, ‘नाही, पण फेरी बोट फुकट होती’?

तुम्ही लोक इतरांच्या सहलीला नाक मुरडता. आमच्या ग्रुपमधल्या एका आजींनी स्वित्झर्लंडमध्ये बर्फ हातात घेतला आणि रडल्या. भिंग घेऊन नाही बसल्या त्या.

हिशेबनीस

दोघंही चूक. साडेबारा टक्के हा ॲमस्टरडॅम पालिकेचा कर आहे, अख्ख्या देशाचा नाही. आठवडा काढायचाच तर उट्रेख्तमध्ये काढा. कालवे तिथेही आहेत, आणि पाण्याच्या पातळीला जुनी तळघरं, त्यांत आता कॅफे. म्हणजे रस्ता डोक्यावर आणि कॉफी पाण्यालगत. तिथल्या चर्चचा मनोरा, डोम टॉवर, ११२ मीटर, ४६५ पायऱ्या. १६७४च्या वादळात चर्चचा मधला भाग कोसळला तो कुणी पुन्हा बांधलाच नाही, त्यामुळे मनोरा एकीकडे आणि उरलेलं चर्च दुसरीकडे, मधे चौक. ॲमस्टरडॅमला जायचं तर गाड्या सारख्या सुटतात. बँकेचं कॉन्टॅक्टलेस कार्ड टेकवून चढा, उतरताना परत टेकवा. उतरताना विसरलात तर जास्तीचे पैसे कापले जातात, मग इथे येऊन डचांना शिव्या घालू नका.

रायक्स आणि व्हॅन गॉगला १८ वर्षांखालच्यांना प्रवेश फुकट. चौघांच्या कुटुंबाला हा मोठा फरक आहे, पण इथे भावना चालू आहेत, आकडे कोण वाचतो.

आम्स्तेलवेनची सून

आठवडाभर या, दोन दिवस या, पण लाल रंगाच्या पट्ट्यावर उभे राहू नका!! तो फुटपाथ नाही. सायकलचा रस्ता आहे. मी रोज त्यावरून पोरीला शाळेत सोडते. मधोमध आमच्याकडचीच मंडळी, एक काका बॅग सांभाळतायत, काकू ‘थोडं डावीकडे’ म्हणतायत आणि तिसरा फोटो काढतोय. घंटी वाजवली तर माझ्याकडे बघून हसतात.

आणि जिने. याबद्दल कुणीच कसं बोललं नाही? जुन्या घरांचे जिने शिडीसारखे उभे असतात. घरं अरुंद, म्हणून तर छपराच्या टोकाखाली हुक लावलेला असतो. सामान खिडकीतून दोरीने वर घेतात. माझ्या सासूबाई आल्या तेव्हा त्यांच्या बहिणीने कालव्याकाठचं ‘अस्सल जुनं’ हॉटेल घेतलं होतं. लिफ्ट नाही. मावशी तिसऱ्या मजल्यावर पोचल्या आणि म्हणाल्या, ‘आता मला इथूनच विमानात बसवा.’ पुढचे दोन दिवस त्या खालीच उतरल्या नाहीत, खिडकीतून कालवा बघून झाला. घाईगडबडे, बहात्तरच्या आईंना आणताय तर आयफेल राहू द्या, आधी हॉटेलला लिफ्ट आहे का ते विचारा.

घाईगडबडे

सूनबाई, हा मात्र कामाचा मुद्दा. मुक्कामपोस्टांच्या एवढ्या मोठ्या लेखात लिफ्टचा ल नव्हता.

शेवग्याची शेंग

मूळ प्रश्न राहिलाच. शाकाहारी माणसाने आठवडाभर खायचं काय? चीज आणि ब्रेड? त्या चीजमध्ये रेनेट, म्हणजे वासराच्या पोटातलं विरजण, असतं हे माहीत आहे का कुणाला? पाच देशांच्या टूरमध्ये निदान रात्री गरम वरणभात मिळतो.

मुक्कामपोस्ट

शेंगताई, सुरीनामी रोटी. १८७३ साली ‘लल्ला रूख’ जहाजातून भोजपुरी मुलखातले मजूर करारावर सुरीनामला, म्हणजे दक्षिण अमेरिकेतल्या डच वसाहतीत, नेले, १९७५च्या स्वातंत्र्याच्या सुमारास त्यांची मुलंनातवंडं मोठ्या संख्येने नेदरलँड्सला आली. हेगमध्ये सर्वांत जास्त. रोटीत वाटाण्याच्या डाळीचं सारण, बरोबर मसालेदार बटाटा आणि चवळीच्या लांब शेंगांची भाजी. कोंबडी नको म्हणून सांगावं लागतं, एवढंच. वरणभाताची आठवण आली तर दोष तुमचा.

बंदरावरचो

अवांतर आसा, पण ऱ्हवांक नाय.

गाववाल्यांनू, ॲमस्टरडॅमाक जाऊन डचांची घरा बघतात, आमच्या वेंगुर्ल्याक ह्याच डचांची वखार आसा, ती बघूक कोण येता? छप्पर केव्हाच गेला, भिंतीतसून झाडा इली.

सगळ्यांना कळावं म्हणून पुढचं प्रमाणभाषेत. डच ईस्ट इंडिया कंपनी १६०२ची. आदिलशाहाच्या परवानगीने १६३७च्या सुमारास वेंगुर्ल्याला बसली ती गोव्याच्या पोर्तुगिजांची नाकेबंदी करायला. ते कालव्यांकाठचे वाडे कुठल्या पैशातून उभे राहिले? मिरी, लवंग, जायफळ. आणि आपण पंचवीस-पंचवीस युरो मोजून त्यांची श्रीमंती बघायला जायचं, वर ‘नाइट वॉच’समोर हळवं व्हायचं.

घाईगडबडे

हे पटलं. मी तर म्हणतो दोन दिवससुद्धा जास्त.

मुक्कामपोस्ट

वा! लगेच देशभक्ती. पॅरिसला बहुतेक सगळं स्वकष्टार्जित असावं.

बंदरावरचो, वखारीची अवस्था ही आपल्या सरकारची करणी, तिचं बिल रेम्ब्राँच्या नावाने कशाला? आणि तिकडे याची चर्चा होत नाही असंही नाही. कँडीच्या राजाची तोफ रायक्सम्युझियममध्ये होती, ती २०२३मध्ये श्रीलंकेला परत दिली. त्याच वर्षी १ जुलैला डच राजाने गुलामगिरीबद्दल जाहीर माफी मागितली. आपण कोणाची मागितली?

बंदरावरचो

एक तोफ परत दिली म्हणून आरती ओवाळू? गाव जाळून झाल्यावर काडेपेटी परत केल्यासारखं आहे हे.

नागरीप्रेमी

कंपनीचा विषय निघालाच आहे तर ‘हॉर्टस मलबारिकस’ विसरू नका. कोचीचा डच गव्हर्नर व्हान रेड याने मलबारच्या वनस्पतींवर बारा खंड करवले, ॲमस्टरडॅमला १६७८ ते १६९३ या काळात छापले. त्याला मदत करणाऱ्यांत इट्टी अच्युदन वैद्य होते आणि रंग भट, विनायक पंडित, अप्पू भट हे तीन ब्राह्मणही. त्यांचं प्रशस्तिपत्र पहिल्या खंडात नागरी लिपीत छापलंय. १६७८ साली, ॲमस्टरडॅममध्ये! मराठी माणसाचा ऊर भरून यावा अशी गोष्ट.

बंदरावरचो

मराठी माणसाचो ऊर नंतर भरान येऊ दे. ता प्रशस्तिपत्र कोकणीत आसा. मराठीत नाय.

नागरीप्रेमी

लिपी नागरीच आहे ना? मग एवढं काय.

बंदरावरचो

लिपी तुमची म्हणून भाषा पण तुमची? हिंदी आणि नेपाळी पण घेऊन जा मग.

संपादक

कोकणी-मराठी वादासाठी तीन धागे आधीच आहेत. इथले त्यापुढचे सोळा प्रतिसाद काढले आहेत. कृपया नेदरलँड्सवर या.

हिशेबनीस

नेदरलँड्सवर येतो. कंपनीचे कागद हेगच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत, सेंट्रल स्टेशनला लागूनच. एक किलोमीटरहून लांब फडताळं भरतील एवढे. २००३पासून युनेस्कोच्या जागतिक स्मृतीच्या यादीत. बरेचसे घरबसल्याही वाचता येतात. बंदरावरच्यांनी जाऊन वेंगुर्ल्याची पत्रं बघावीत, इथे भांडण्यापेक्षा बरं.

बंदरावरचो

बघितलीत. स्क्रीनवर. म्हणूनच चिडलोय.

घाईगडबडे

आईला हा धागा वाचून दाखवला. ती म्हणाली, ‘वेंगुर्ल्याला जाऊ, विमान नको, व्हिसा नको.’ मुक्कामपोस्ट, खूश? तुमच्या धाग्याने माझी युरोप ट्रिप एस.टी.वर आणलीत.

तरी समजा, नुसतं समजा, जायचंच ठरलं तर पाचाचे तीन देश करेन आणि ॲमस्टरडॅमला चार रात्री देईन. यापुढे एक रात्रही नाही. आणि लिफ्टवालं हॉटेल मीच शोधेन, कालव्याकाठचं अस्सल वगैरे नको.

मुक्कामपोस्ट

चार रात्री. दुपटीवर आलात. इनो घेऊन झोपा आता.

आम्स्तेलवेनची सून

चार रात्री तर चार रात्री. लाल पट्टा, लक्षात ठेवा.