शंटला इन्फेक्शन झालंय, बाळ सात महिन्यांचं. दुसऱ्या शंटआधी सर्जनना काय विचारू? (नागपूर)

नमस्कार मंडळी. घर कामठीला, पण सध्या मुक्काम नागपुरात दवाखान्याच्या व्हरांड्यात.

मुलाला जन्मापासून हायड्रोसेफॅलस, म्हणजे डोक्यात पाणी साठतं. पाचव्या महिन्यात व्हीपी शंट बसवला, म्हणजे ते पाणी पोटात सोडणारी कातडीखालची नळी. फुगलेली टाळू बसली, पोरगं हसायला लागलं. सहा आठवड्यांनी बारीक ताप. जवळच्या डॉक्टरांनी ‘दात येताहेत’ म्हणून सिरप दिलं आणि मीही मान डोलावली. चार दिवसांनी दूध ओकायला लागला, मानेवर नळीच्या रेषेत लाली दिसली. शंटमधलं पाणी तपासलं तर स्टॅफिलोकॉकस एपिडर्मिडिस, म्हणजे आपल्या सगळ्यांच्या कातडीवर असतो तोच जंतू. तो नळीवर थर धरून बसतो, नुसत्या औषधानं सहसा हटत नाही, म्हणून शंट काढला. आता डोक्यातून बाहेर नळी आणि पिशवी (ईव्हीडी), शिरेतून व्हॅन्कोमायसिन हे अँटिबायोटिक. आज सातवा दिवस.

पिशवीची उंची बाळाच्या कानाच्या पातळीवरून ठरवतात. बायकोनं परवा त्याला सहज कडेवर घेतलं अन् पाणी भराभर उतरायला लागलं. सिस्टर धावत आल्या, नळी बंद केली. आधी त्यांना हाक मारायची असते, हे आम्हाला तेव्हा कळलं.

नवा शंट कधी बसवतात? अँटिबायोटिकवाली नळी कुणी घेतलीय का, जनआरोग्य योजनेत बसते का? शंट टाळून दुर्बिणीचं ऑपरेशन (ईटीव्ही, यात मेंदूतच पाण्याला वाट करून देतात) करता येईल का?

चिऊची आई: दादा, आमची चिऊ यातूनच गेली, आता दुसरीत आहे. पाण्याचे कल्चर (जंतू वाढतात का ती तपासणी) लागोपाठ स्वच्छ आल्यावरच आमच्या सर्जननी नवा शंट बसवला, तोही दुसऱ्या बाजूनं. किती दिवस ते जंतूवर असतं, घाई करू नका. नळीचं म्हणाल तर ब्रिटन-आयर्लंडमध्ये 1,605 रुग्णांवर चाचणी झाली होती, 2019 मध्ये छापून आली. साध्या नळीत 100 पैकी साधारण 6 जणांना इन्फेक्शन, रिफॅम्पिसिन-क्लिंडामायसिन या अँटिबायोटिकवालीत 2. चांदीच्या नळीचा फायदा दिसला नाही. योजनेचं दवाखान्यातल्या आरोग्यमित्रांना (योजनेचे मदतनीस) विचारा, ऑपरेशनच्या आधी. ईटीव्ही कारणावर ठरतं. इतक्या लहान बाळात, त्यातही इन्फेक्शननंतर, यश कमी मिळतं असं आम्हाला सांगितलं होतं.

आणि त्या सिरपचं मनाला लावून घेऊ नका. हे जंतू बहुतेक वेळा ऑपरेशनच्या वेळीच आत गेलेले असतात, म्हणून तर पहिल्या काही महिन्यांत उठतात. पुढे मात्र ताप, ओकारी, सुस्ती दिसली की थेट न्यूरोसर्जरीत. हातांत मोजे घाला त्याच्या, पोट्टे नळी ओढतात.

धागाकर्ता: ताई, लई आभार. उद्या राउंडला कल्चरचं आणि नळीचं विचारतो. मोजे घातले. आता मोजेच चघळून राहिलाय. खाली खरंच एक दात दिसतोय.