आनापान आणि मैत्री भावनेचं चांगलं रेकॉर्डिंग कुठे मिळेल?

कल्याणची_पोर
जय भीम मंडळी. त्रिशरण-पंचशील, बुद्धपूजा सगळं लहानपणापासून तोंडपाठ आहे. पण वंदना संपली की घरात सगळे खिरीकडे वळायचे, डोळे मिटून बसायला कोणी शिकवलं नाही. आता शिकायचंय: आनापान म्हणजे श्वासावर लक्ष ठेवणं, आणि मैत्री भावना म्हणजे स्वतःसकट सगळ्यांचं भलं चिंतणं. यूट्यूबवर शोधलं तर बासरी, पावसाचा आवाज, सात चक्रं, आणि एकात तर चक्क धनप्राप्ती! मुलगी लहान आहे, विपश्यनेच्या दहा दिवसांच्या शिबिराला सध्या जाता येणार नाही. ती झोपल्यावर वीसेक मिनिटं मिळतात. मराठी नाहीतर हिंदी, जमल्यास फुकट. कोणाचं ऐकू?

इगतपुरी_लोकल
मंगल हो. आमच्या इगतपुरीचं विपश्यना केंद्र सुरू करणाऱ्या गोयंका गुरुजींचं छोटं आनापान ऐका. विपश्यनेच्या अधिकृत साइटवर अनेक भाषांत फुकट आहे, मराठीतही. नुसता नैसर्गिक श्वास, नाकपुड्यांच्या दाराशी. मोजायचं नाही, मंत्र नाही, डोळ्यांपुढे मूर्ती आणायची नाही. विपश्यनेच्या पुढच्या सूचना मात्र नेटवर शोधू नका, त्या शिबिरातच मिळतात. ॲपमध्ये सामूहिक साधनेची रेकॉर्डिंगं आहेत, पण ती जुन्या, म्हणजे शिबिर केलेल्या साधकांसाठी, लॉगिन लागतं.

दापोडीचे_आजोबा
पोरी, माझी चाचणी साधी आहे. रेकॉर्डिंग मधोमध ढकलायचं. तिथे शांतता असेल तर ठेवायचं. बुवा अजून बोलतच असतील तर बंद. त्यांना प्रवचन करायचंय, तुला बसायचंय. मागे संगीत असेल तर मधोमध जायचीही गरज नाही.

आमच्या त्रिरत्नमध्ये (संघरक्षितांनी सुरू केलेला बौद्ध संघ, जुनी माणसं अजून सहायक गणच म्हणतात) श्वास मोजतात. इगतपुरीकरांनी कानावर हात ठेवावेत! आधी श्वास सोडल्यावर आकडा, १ ते १०. मग घेण्याआधी आकडा. मग मोजणी सोडून नुसता श्वास. शेवटी नाकाशी तो जिथे पहिल्यांदा जाणवतो तेवढी जागा. दिवसभर लेकरामागे धावलेल्या बाईला मोजणी बरी, नाहीतर बसल्या बसल्या डुलकी.

मैत्री भावनेत पाच टप्पे. स्वतः, मित्र, ना मित्र ना शत्रू असं कोणी, ज्याच्याशी पटत नाही तो, आणि मग या चौघांना सारखं धरून पुढे सगळे जीव. रेकॉर्डिंग करणाऱ्याला कितपत कळतंय ते इथे समजतं. "आवडती व्यक्ती आठवा" एवढंच म्हणून तो पुढे गेला की माणूस थेट वारलेल्या आईकडे जातो आणि रडत बसतो. बुद्धघोषांनी पाचव्या शतकातच विशुद्धिमग्ग या पाली ग्रंथात सांगून ठेवलंय, मृत व्यक्ती घ्यायची नाही. तिथे एका तरुण भिक्खूची गोष्ट आहे. आचार्यांवर मैत्री करायला बसतो, काही केल्या जमत नाही. चौकशी करतो तर आचार्य वारलेले! म्हणून चांगला शिकवणारा आधीच बजावतो: मित्र हयात हवा, साधारण आपल्या वयाचा, आणि ज्याच्याकडे तसली ओढ नाही असा. चौथ्या टप्प्यालाही एकदम सासूबाईंपासून सुरुवात करू नकोस. रिक्षावाल्याशी झालेली हुज्जत पुरे.

इंग्रजी चालत असेल तर फ्री बुद्धिस्ट ऑडिओ या साइटवर संघरक्षितांची जुनी प्रवचनं आहेत, ध्यानंही आहेत. सगळं फुकट.

बे_एरियातून
इंग्रजीचा विषय निघालाच आहे तर कॅलिफोर्नियातल्या रेडवुड सिटीचं इनसाइट मेडिटेशन सेंटर बघा. तिथले शिक्षक गिल फ्रॉन्सडाल यांनी २०२० च्या लॉकडाउनमध्ये यूट्यूबवर सकाळी सातची थेट बैठक सुरू केली. अर्धा तास ध्यान, मग थोडं बोलणं. इथले सकाळचे सात म्हणजे तुमचे संध्याकाळचे साडेसात, आमच्या हिवाळ्यात साडेआठ. चुकलं तर त्यांच्या ऑडिओधर्म साइटवर रेकॉर्डिंग असतं. माझ्या बायकोला प्लम व्हिलेज या बौद्ध मठाचं ॲप आवडतं. मला त्यातली घंटा तेवढी आवडते.

इगतपुरी_लोकल
अहो, सगळं ताट एकदम वाढू नका. ताई, एक पद्धत, एक आवाज. आज मोजणी, उद्या विनामोजणी असं केलंत तर श्वास बाजूला राहील आणि तुलनाच चालू होईल.

दापोडीचे_आजोबा
हे मान्य. दोन्हींपैकी एक धर, निदान पावसाळाभर. फक्त मैत्री वेगळी पद्धत म्हणून सोडू नकोस. ती इगतपुरीलाही आहेच, दहाव्या दिवशी.

कल्याणची_पोर
सगळ्यांचे आभार. काल मराठी आनापान लावलं, बासरी नाही हेच केवढं सुख! तरी मन फारच पळत होतं, म्हणून मोजणीच धरते. दोन शंका. आकडा चुकून तेरावर गेला तर? आणि आजोबा, आमच्या सासूबाईच मुलीला सांभाळतात. त्यांना मित्राच्या टप्प्यात घेतलं तर चालेल का?

दापोडीचे_आजोबा
तेरावर सगळेच जातात. स्वतःवर न चिडता पुन्हा एकपासून. सासूबाई वयाने मोठ्या, म्हणून मित्राच्या जागी सुरुवातीला एखादी मैत्रीण घे, पाचव्यात त्या येतीलच. माझा विनोद त्यांना दाखवू नकोस म्हणजे झालं. आणि पुण्याकडे येणं झालं तर दापोडीच्या विहारात एकदा समोर बसून शीक. निघण्याआधी फोन कर, वर्गाच्या वेळा बदलत असतात.