जीव वाचला, आता गप्प बसा?

अजिंक्यताऱ्याखालचा: काल इथे एकाने लिहिलं, "प्रोस्टेटच्या कॅन्सरमधून जीव वाचला, मग चड्डी ओली होते म्हणून रडायचं काय? या वयात कसले शौक?" वाचून रात्रभर डोळा लागला नाही. माझं वय ६३. दीड वर्षापूर्वी प्रोस्टेट, म्हणजे मूत्राशयाखालची ग्रंथी, पूर्ण काढली. रक्ततपासणीत पीएसए, म्हणजे प्रोस्टेटमधून रक्तात येणारं प्रथिन, नगण्य येतंय, देवाची कृपा. पण लघवीची नळी काढल्यावर पहिले आठ महिने दिवसाला चार पॅड लागायचे. शिंकलो, हसलो, नातवाला उचललं की ओलं. वास येईल या भीतीने राजवाड्यावर बसायला जाणं सोडलं. लिंगाची ताठरता गेली ती अजून परतली नाही. यातलं ऑपरेशनआधी कुणीही समोर बसवून सांगितलं नाही. फक्त सहीचा कागद पुढे आला.

तासगावकर: ती पोस्ट माझीच. मागे घेणार नाही. वडिलांनी लघवीचा त्रास लाजेपायी तीन वर्षं लपवला. दाखवलं तेव्हा कॅन्सर मणक्यात पोचला होता. शेवटी कूस बदलतानाही ओरडायचे. तुमचं वाचून उद्या एखाद्याने ऑपरेशन टाळलं तर पाप कुणाच्या माथी?

आटपाडीचा: कशाला घाबरवताय? आमच्या चुलत्यांचं प्रोस्टेटचं झालं, महिन्याभरात डाळिंबाच्या बागेत होते.

मिरजेची सिस्टर: दादा, ते वाढलेल्या ग्रंथीचं असेल, दुर्बिणीतून आतून खरवडतात ते. कॅन्सरमध्ये अख्खी ग्रंथी काढून मूत्राशय खाली मूत्रनलिकेला पुन्हा जोडतात. लघवी धरायचा भार मग खालच्या एका स्नायूवर येतो, म्हणून तो आवळायचा व्यायाम ऑपरेशनआधीच शिकवायला हवा. ताठरतेच्या नसा ग्रंथीला अगदी खेटून जातात. त्या वाचवायचं तंत्र अमेरिकेत पॅट्रिक वॉल्श यांनी १९८२ मध्ये वापरलं, पण गाठ तिथवर पोचली असेल तर नस राखता येत नाही.

कराडची वहिनी: आणि पॅड टाकायचं कुठे, ते बोला ना कुणीतरी! आमचे हे एसटीने पुण्याला तपासणीला जातात. स्टँडवर पुरुषांच्या संडासात कचऱ्याचा डबा नाही. ओलं पॅड पिशवीत गुंडाळून घरी आणतात, तोंड पाडून. मला धुणं-पुसणं जड नाही, त्यांची ती मान खाली बघवत नाही.

विट्याचा कंडक्टर: डबा ठेवला तरी टिकत नाही, ताई. मावा खाऊन त्यातच थुंकतात.

कराडची वहिनी: म्हणून ठेवायचाच नाही? बायकांच्या बाजूलाही आधी असंच ऐकवायचे. तुमच्या घरात कुणाला लागलं की कळेल.

विट्याचा कंडक्टर: माझ्यावर कशाला डाफरता? मधुमेहामुळे मलाच दर तासाला जावं लागतं. गाडी थांबवली की प्रवासी शिव्या घालतात.

निवृत्त मास्तर, वाई: मुद्द्यावर या. ब्रिटनच्या प्रोटेक्ट अभ्यासात ग्रंथीपुरताच कॅन्सर असलेले १६०० हून अधिक पुरुष होते. २०२३ मध्ये १५ वर्षांचे निष्कर्ष आले. ऑपरेशन, रेडिएशन, नुसती देखरेख, तिन्ही गटांत या कॅन्सरने मृत्यू सुमारे ३ टक्केच. म्हणजे अनेकांना विचार करायला सवड असते.

तासगावकर: मास्तर, आकडे तुमच्यापाशी ठेवा. माझ्या बापाला सवड नव्हती.

मिरजेची सिस्टर: त्यांचा पसरलेला होता, तो या अभ्यासात बसतच नाही. दोघंही खरं बोलताय, पण वेगवेगळ्या आजाराबद्दल. आणि एक सांगते, ताठरतेच्या गोळ्या मित्राकडून आणून खाऊ नका. छातीत दुखतं म्हणून सॉर्बिट्रेट घेणाऱ्याचा रक्तदाब एकदम कोसळतो, जीवावर बेततं.

अजिंक्यताऱ्याखालचा: तासगावकर, ऑपरेशन करू नका असं मी कुठे लिहिलंय? पुन्हा वेळ आली तरी मी करेन. पण वर्षभर बायकोला वाटत राहिलं की माझं मन उडालं. मी वेगळ्या खोलीत झोपायचो, कारण गादी भिजायची. दोघांना समोर बसवून डॉक्टर दहा मिनिटं बोलले असते, तर ते वर्ष असं गेलं नसतं.

तासगावकर: "शौक" हा शब्द चुकला. तेवढाच. थोरल्या भावाचं पीएसए वाढलंय, गुरुवारी बायोप्सीचा रिपोर्ट. ऑपरेशन ठरलं तर मी त्याला ओढत नेणार, हे पक्कं. पण वहिनीला बरोबर घेईन.

अजिंक्यताऱ्याखालचा: नस राखता येईल का, हे विचारा. आणि व्यायाम आजपासूनच सुरू करायला सांगा.