‘छोट्या धंद्याला एआयची कसली भीती?’ म्हणणाऱ्यांना उत्तर

राजवाडाकर: काल इथे कुणीतरी ठोकून दिलं की इंदूरच्या छोट्या धंदेवाल्यांनी बिनधास्त एआय लावावं, कायदेबियदे मोठ्या कंपन्यांसाठी असतात. डोकंच फिरलं. एअर कॅनडा विमान कंपनीचं काय झालं? आपोआप उत्तरं देणाऱ्या तिच्या चॅटबॉटने प्रवाशाला सांगितलं, आजी वारलीय ना, तिकीट काढा, सवलत नंतर मागा. नियम तसा नव्हताच. आणि कंपनी म्हणते काय, तर चॅटबॉटचं चॅटबॉट बघेल! 2024 मध्ये ट्रिब्युनलने आठशेवर कॅनेडियन डॉलर भरायला लावले. उद्या तुमचा बॉट ‘साडी महिन्याने पण परत घेऊ’ म्हणाला तर गिऱ्हाईक गचांडी कुणाची धरणार?

सियागंजवाला: म्हणजे पन्नासेक हजार रुपये. तेवढे तर माझे उधारीत बुडतात. भाचा सगळी कोटेशनं एआयवर काढतो, झटपट काम होतं. भीती घालणाऱ्यांनी माझ्याकडच्या माणसांचे पगार द्यावेत आधी.

सीए_विजयनगर: भाचा पार्टीचं बँक स्टेटमेंटपण त्यातच टाकतो का, विचारा जरा. आमच्याकडे आर्टिकलशिपच्या (सीएचं काम शिकणाऱ्या) पोराने क्लायंटचं पॅन, आधार सगळं एआयच्या फुकटच्या अकाउंटवर चिकटवलं होतं. सॅमसंगच्या इंजिनिअरांनी 2023 मध्ये कंपनीचा कोड असाच चॅटजीपीटीत टाकला, मग बंदीच आली. आपला 2023चा डिजिटल वैयक्तिक डेटा कायदा सांगतो, लोकांच्या माहितीचं काम दुसऱ्याकडून करून घेतलं तरी जबाबदारी तुमचीच. दंड 250 कोटींपर्यंत.

पोहेजिलेबी: आधारचं तर बोलूच नका! झेरॉक्सवाला व्हॉट्सॲपवर मागतो, नंतर डिलीट कोण करतं? आमच्या सोसायटीच्या गेटवर रजिस्टर उघडं पडलेलं असतं, त्यातून नंबर उचलून कुणीतरी माझ्या वहिनीला किती दिवस घाण मेसेज करत होता. एआय राहू द्या, ते रजिस्टर जाळा आधी.

सीए_विजयनगर: वहीतलं रजिस्टर ह्या कायद्यात येत नाही. डिजिटल झालं की येतं.

पोहेजिलेबी: वा! म्हणजे त्या मवाल्याने फोटो काढायची वाट बघायची? माणूस मेला तरी तुम्ही कलम सांगाल.

सीए_विजयनगर: कलम मी नाही लिहिलं ताई. माझ्यावर कशाला ओरडताय?

माळव्यातला: आमच्या गेटवर ॲप लावलंय. सासरे ऐंशीचे, ओटीपी येईना म्हणून उन्हात ताटकळत उभे, चौकीदार म्हणतो सिस्टिम घेत नाही. रजिस्टरच बरं होतं!

पोहेजिलेबी: तुमच्या घरातल्या बाईला मेसेज आले असते तर बरं म्हटलं असतं का?

सियागंजवाला: अरे, गेटवरून आत या कुणीतरी! त्या डेटा कायद्याचे नियम 2025च्या नोव्हेंबरात आले, बहुतेक अटींना 18 महिने दिलेत. आत्तापासून काय रडायचं?

राजवाडाकर: 250 कोटी तुम्हाला कुणी लावणार नाही, बरं, मान्य. पण ‘सिस्टिमने केलं’ हे ऐकून मी कंटाळलोय. मुलीचा नोकरीचा अर्ज परत आला, कारण विचारलं तर एचआरवाली हेच म्हणाली. ॲमेझॉनचं भरतीचं मशीन बायकांचे अर्ज खाली ढकलायचं, 2018 मध्ये बातम्या आल्या होत्या. त्यांनी निदान ते बंद तरी केलं.

सियागंजवाला: ठीक आहे साहेब, भाच्याला सांगतो स्टेटमेंट टाकू नको. कोटेशन मात्र तोच काढणार, आणि दर चुकला की पार्टीला तुमच्या घरी पाठवतो, चहा तयार ठेवा.